हवाल्याचे क्रियापद आणि सत्याचे रक्षण : बौद्ध इतिहासलेखनातील एक दुर्लक्षित प्रश्न

काही वर्षांपूर्वी पाली विषयाच्या पदव्युत्तर परीक्षेसाठी सादर झालेली एक प्रबंधिका तपासत असताना तिच्यातील तीन वाक्यांपाशी मी थांबले. थेर महाधम्मरक्खित धम्मप्रचारासाठी महाराष्ट्रात आले हे महावंसाने सिद्ध केले आहे, असे पहिल्या वाक्यात म्हटले होते. ह्युएन त्संगने अजिंठ्यात सत्तर फूट उंचीची बुद्धमूर्ती पाहिली, असे दुसऱ्या वाक्यात होते. अस्पृश्यता इ. स. ४०० च्या सुमारास उत्पन्न झाली हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी निर्विवादपणे सिद्ध केले, असे तिसऱ्यात होते. तिन्ही वाक्यांना ग्रंथांचा आधार दिलेला होता व पृष्ठांकही बरोबर होते. दोष होता तो क्रियापदात. मी समासात तशी नोंद केली. पुढे तो विद्यार्थी भेटावयास आला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, "मॅडम, साधन आपल्या बाजूचे आहे. मग 'सिद्ध केले' असे लिहिल्याने काय बिघडते?"

त्या वेळी मी त्याला जे उत्तर दिले ते घाईचे होते. त्याचा प्रश्न मात्र घाईने उत्तर द्यावा असा नाही. आपल्या विहारांतून, अभ्यासवर्गांतून आणि नियतकालिकांतून आज जे इतिहासलेखन होते, त्यात हा प्रश्न पदोपदी उपस्थित होतो. म्हणून प्रस्तुत लेखात त्याचा सविस्तर विचार करण्याचे योजिले आहे.

कोणत्याही साधनाचा हवाला देताना आपण एखादे क्रियापद योजतो. ग्रंथकार 'सांगतो', 'नोंदवतो', 'वर्णन करतो', 'मांडतो', 'सुचवतो', 'अनुमान काढतो', 'दाखवून देतो', 'सिद्ध करतो', 'दावा करतो', 'कबूल करतो'. ही क्रियापदे एकमेकांच्या जागी बदलून वापरण्याजोगी नाहीत. 'सांगतो' म्हणताना लेखक स्वतःचा निर्णय राखून ठेवतो. 'दाखवून देतो' म्हणताना तो त्या विधानाशी सहमत झालेला असतो. 'दावा करतो' म्हणताना त्याने शंका व्यक्त केलेली असते आणि 'कबूल करतो' म्हणताना समोरच्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेले असते. मूळ साधनातील मजकूर तोच राहतो, परंतु वाचकाच्या मनावर उमटणारा निर्णय बदलतो. साधनाचे वजन किती, हे वाचकाला पृष्ठांकावरून कळत नाही. ते त्याला क्रियापदावरून कळते.

पाली परंपरेतील सावधगिरी

हा विचार पाश्चात्त्य विद्यापीठांतून आपल्याकडे आला, अशी अनेकांची समजूत आहे. ती बरोबर नाही. सुत्तपिटकातील बहुसंख्य सुत्तांचा आरंभ निवेदकाच्या ऐकण्याने होतो. 'सुतं' हा त्यातील मुख्य शब्द होय. निवेदक 'हे असेच घडले' असे म्हणत नाही, आपण हे असे ऐकले आहे असे म्हणतो. खुद्दकनिकायातील 'इतिवुत्तक' ह्या ग्रंथाचे तर नावच हवाल्याच्या क्रियापदापासून बनलेले आहे. 'असे म्हटले गेले' हा त्याचा अर्थ. त्यातील ११२ सुत्तांच्या प्रास्ताविकात 'वुत्तं' आणि 'सुतं' अशी दोन क्रियापदे येतात. भगवंतांनी सांगितले ही एक गोष्ट आणि मी ऐकले ही दुसरी. बोलणारा व ऐकणारा ह्यांच्यातील अंतर तेथे मिटवलेले नाही. अट्ठकथेची परंपरा असे सांगते, की ही सुत्ते कोसंबीच्या राणी सामावतीच्या खुज्जुत्तरा नामक दासीने भगवंतांकडून ऐकून राजवाड्यातील स्त्रियांना सांगितली. एका दासीच्या श्रवणाला आणि कथनाला परंपरेने हा मान दिला, ही गोष्ट आपल्या वाचकांना विशेष मोलाची वाटेल. तथापि तिचा हवाला देतानाही 'अट्ठकथा सांगते' एवढेच म्हणणे योग्य आहे, कारण मूळ इतिवुत्तकात खुज्जुत्तरेचे नाव येत नाही.

अट्ठकथाकारांनी ही सावधगिरी आणखी पुढे नेली. बुद्धघोषाचार्यांच्या अट्ठकथा वाचताना 'पोराणा' म्हणजे पूर्वाचार्य काय म्हणतात, 'केचि' म्हणजे काही जण काय म्हणतात आणि जुन्या अट्ठकथेत काय म्हटले आहे, ह्यांचा वेगवेगळा निर्देश आढळतो. परंपरेने आलेली कथा सांगताना तेथे 'किर' हे अव्यय वारंवार येते. आपल्या मराठीतील 'म्हणे' हा त्याचा अगदी जवळचा प्रतिशब्द आहे. 'तो म्हणे गावाला गेला' असे आपली आजी सांगे, तेव्हा आपण स्वतः ते पाहिलेले नाही हे ती एका शब्दात सांगून टाकत असे. पाली अट्ठकथांचे मराठी अनुवाद करताना हा 'किर' पुष्कळदा गाळला जातो. त्यामुळे अट्ठकथाकाराने ऐकीव म्हणून दिलेली गोष्ट मराठीत घडलेली घटना होऊन अवतरते.

ह्याच 'किर'पासून सिद्ध झालेला एक शब्द अंगुत्तरनिकायातील कालाम सुत्तात आहे. केसपुत्त गावच्या कालामांना भगवंतांनी ज्या दहा आधारांवर विसंबून एखादी गोष्ट स्वीकारू नये असे सांगितले, त्यांत अनुस्सव म्हणजे ऐकीव गोष्ट, परंपरा आणि पिटकसंपदान म्हणजे ग्रंथाचा आधार ह्यांच्या बरोबर 'इतिकिरा' हाही आधार येतो. 'असे म्हणे' एवढ्यावर विश्वास ठेवू नये, हा त्याचा सरळ अर्थ. आपल्या सभांतून कालाम सुत्ताचा उल्लेख वारंवार होतो, परंतु बहुधा तो दुसऱ्यांच्या ग्रंथांच्या संदर्भात होतो. पिटकसंपदान ह्या शब्दात आपलेही ग्रंथ येतात, ह्याकडे दुर्लक्ष होते.

ह्या विषयाचे खरे शास्त्र मात्र मज्झिमनिकायातील चंकी सुत्तात आहे. ओपासाद ह्या ब्राह्मणग्रामात कापठिक नावाचा सोळा वर्षांचा ब्राह्मण तरुण भगवंतांना विचारतो, की आमचे प्राचीन मंत्र परंपरेने आलेले आहेत आणि हेच खरे, बाकी सर्व खोटे, असा ब्राह्मणांचा निष्कर्ष आहे. ह्यावर आपले काय म्हणणे? भगवंत त्याला उलट विचारतात, की ब्राह्मणांपैकी एकाने तरी, किंवा सात पिढ्यांपर्यंतच्या त्यांच्या आचार्यांपैकी एकाने तरी, 'मी हे जाणतो, मी हे पाहतो' असे म्हटले आहे काय? कापठिक नाही म्हणतो. तेव्हा भगवंत आंधळ्यांच्या रांगेची उपमा देतात. पुढचा पाहत नाही, मधला पाहत नाही, शेवटचाही पाहत नाही. ह्यानंतर येतो 'सच्चानुरक्खणा' म्हणजे सत्याच्या रक्षणाचा उपदेश. एखाद्याची श्रद्धा असेल तर 'ही माझी श्रद्धा आहे' असे त्याने म्हणावे. एखादी गोष्ट त्याने ऐकली असेल तर 'हे मी ऐकले आहे' असे म्हणावे. विचाराने ती त्याला पटली असेल तर तसे म्हणावे. एवढ्याने तो सत्याचे रक्षण करतो. तेवढ्याच आधारावर 'हेच सत्य, अन्य असत्य' असा निष्कर्ष त्याने काढू नये. हवाल्याच्या क्रियापदाविषयी ह्याहून नेमका नियम माझ्या वाचनात आलेला नाही. ज्या मार्गाने एखादी गोष्ट आपल्यापर्यंत पोहोचली, तो मार्ग क्रियापदात उमटला पाहिजे.

आता प्रबंधिकेतील त्या तीन वाक्यांकडे ह्या दृष्टीने पाहू.

महावंसाची साक्ष आणि सांचीचे करंडक

अशोकाच्या काळी मोग्गलिपुत्त तिस्स थेरांनी निरनिराळ्या प्रदेशांत थेर पाठवले, असे महावंसाचा बारावा परिच्छेद सांगतो. योनक धम्मरक्खित अपरान्तात गेले आणि महाधम्मरक्खित महारट्ठात गेले, अशी नावे तेथे आहेत. महारट्ठात ८४,००० लोकांना मार्गफलाची प्राप्ती झाली व १३,००० जणांनी प्रव्रज्या घेतली, असेही महावंस सांगतो. हा ग्रंथ सिंहलद्वीपात इ. स. च्या पाचव्या शतकाच्या सुमारास रचला गेला. घटना आणि ग्रंथ ह्यांच्यात सुमारे सातशे वर्षांचे अंतर आहे. जुन्या सिंहली अट्ठकथांवर तो आधारलेला असल्यामुळे त्याला मूल्य आहे, परंतु स्वतःच्याच कथनाला तो स्वतः सिद्ध करू शकत नाही. सिद्ध करण्यासाठी दुसरे, स्वतंत्र साधन लागते.

असे साधन आहे, असे येथे कोणी म्हणेल, आणि ते अंशतः खरे आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम आणि मेसी ह्यांनी १८५१ साली सांची व तिच्या परिसरातील स्तूप उघडले. सांचीच्या दुसऱ्या स्तूपात आणि सोनारी येथे मिळालेल्या धातुकरंडकांवर कासपगोत आणि मझिम ही नावे कोरलेली आढळली. कासपगोत ह्यांना तेथे संपूर्ण हिमवत् प्रदेशाचे आचार्य म्हटले आहे. सिंहली परंपरेत हिमालयाकडे गेलेल्या थेरांमध्ये कस्सपगोत्त व मज्झिम ही नावे आहेतच. समुद्रापलीकडच्या ग्रंथातील नावे मध्य भारतातील दगडावर भेटावीत, ही साधी घटना नव्हे. येथे 'सांचीचे करंडक सिंहली परंपरेला दुजोरा देतात' असे लिहिणे सर्वथा योग्य आहे.

परंतु हा दुजोरा कशाला मिळतो? हिमवत् प्रदेशातील धम्मप्रचाराला. महाधम्मरक्खितांचे नाव त्या करंडकांवर नाही. एका प्रदेशाच्या बाबतीत परंपरा विश्वसनीय ठरली, म्हणून महारट्ठाच्या बाबतीतही तिची विश्वसनीयता वाढते, एवढे अनुमान आपण काढू शकतो, आणि ते अनुमान म्हणूनच लिहिले पाहिजे. महाराष्ट्राच्या भूमीवर अशोकाचा संदेश पोहोचल्याचा प्रत्यक्ष पुरावा वेगळाच आहे. भगवानलाल इंद्रजी ह्यांना १८८२ साली सोपारा येथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. तो तुकडा अशोकाची धम्मलिपी कोकणच्या किनाऱ्यावर कोरली गेली होती हे 'दाखवतो'. येथे ह्या क्रियापदाला पूर्ण आधार आहे. तेव्हा विद्यार्थ्याने लिहावयास हवे होते ते असे : महाधम्मरक्खित महारट्ठात आल्याचे महावंस सांगतो; हिमवत् प्रदेशाविषयीच्या त्याच परंपरेतील कथनाला सांची-सोनारीचे करंडक दुजोरा देतात; आणि अशोकाचा धम्मसंदेश ह्या प्रदेशात पोहोचला होता हे सोपाऱ्याचा शिलालेख दाखवतो. ह्या तीन क्रियापदांनी महाराष्ट्रातील धम्माचे प्राचीनत्व जराही कमी होत नाही. उलट विरोधकाला हात घालण्यास जागा उरत नाही.

ह्युएन त्संग आणि अजिंठा

दुसरे उदाहरण ह्युएन त्संग ह्या चिनी भिक्खूचे. इ. स. ६२९ मध्ये तो चीनहून निघाला, ६४५ मध्ये परतला आणि ६४६ मध्ये त्याचा पश्चिम देशांविषयीचा ग्रंथ पूर्ण झाला. पुलकेशीच्या महाराष्ट्राचे त्याने केलेले वर्णन प्रसिद्ध आहे. त्या देशात शंभरावर संघाराम व सुमारे पाच हजार भिक्खू असल्याचे तो नोंदवतो. देशाच्या पूर्व सीमेवरील डोंगरात एका अर्हताने कोरवलेल्या विहाराचे वर्णनही तो करतो. हा विहार म्हणजे अजिंठा, असे अभ्यासक मानतात. ह्या मताला एका शिलालेखाचा भक्कम आधार आहे. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यातील भिक्खू बुद्धभद्राच्या लेखात स्थविर अचल ह्यांनी शैलगृह कोरवल्याचा उल्लेख आहे आणि ह्युएन त्संगने दिलेले अर्हताचे नाव त्याच्याशी जुळते.

परंतु त्याच वर्णनात सत्तर फुटांहून उंच पाषाणमूर्ती आणि तिच्यावर कोणत्याही आधारावाचून अधांतरी असलेली सात दगडी छत्रे येतात. अजिंठ्यात आज अशी मूर्ती नाही. तेथील २६ क्रमांकाच्या लेण्यातील महापरिनिर्वाणाची सुप्रसिद्ध मूर्ती सुमारे सात मीटर लांबीची आहे. मग ह्युएन त्संग खोटे सांगतो काय? त्याचा मजकूर नीट वाचला, तर असा आरोप करण्याचे कारण उरत नाही. ती छत्रे अधांतरी का राहतात ह्याची तीन कारणे तो देतो. अर्हताच्या प्रणिधानाच्या बळाने, हे जुन्या नोंदींतून ऐकलेले कारण म्हणून तो सांगतो. ऋद्धिबळाने असे काही म्हणतात, औषधिविद्येच्या प्रभावाने असे आणखी काही म्हणतात, अशी पुढची दोन. जुन्या नोंदींतून ऐकले, स्थानिक लोक सांगतात, काही जण म्हणतात, असे भेद त्याच्या ग्रंथात ठिकठिकाणी आढळतात. म्हणजे हवाल्याच्या क्रियापदाबाबत तो जागरूक होता. 'त्याने पाहिले' असे लिहून आपणच ती जागरूकता पुसून टाकली. ह्या विहाराचे वर्णन व्यक्तिनिरपेक्ष आहे. तेव्हा 'ह्युएन त्संग वर्णन करतो' असे लिहिले की त्याच्यावर अन्याय होत नाही आणि अजिंठ्यावरही होत नाही. जी मूर्ती तेथे नाही ती त्याने पाहिली असे आपण लिहिले, तर त्याच्या विश्वसनीय नोंदींवरही उद्या कोणी बोट ठेवील.

पुष्यमित्राचे प्रकरण

हा प्रश्न दोन्ही बाजूंनी कसा बिघडतो हे पाहावयाचे असेल तर पुष्यमित्र शुंगाचे प्रकरण घ्यावे. दिव्यावदानात समाविष्ट असलेले अशोकावदान असे सांगते, की पुष्यमित्राने बौद्ध विहार उद्ध्वस्त केले आणि शाकल येथे प्रत्येक श्रमणाच्या मस्तकासाठी शंभर दीनारांचे बक्षीस जाहीर केले. आपल्याकडील अनेक लेखांत ही गोष्ट 'इतिहास सांगतो' अशा शब्दांत येते. दीनार हे नाणे रोमन संपर्कानंतर भारतात रूढ झाले. त्यामुळे ह्या कथेला आजचे रूप पुष्यमित्रानंतर बऱ्याच काळाने मिळाले हे उघड आहे. सांचीच्या मोठ्या स्तूपाची इ. स. पू. दुसऱ्या शतकात मोडतोड झाल्याची चिन्हे जॉन मार्शल ह्यांना आढळली आणि तिचा संबंध पुष्यमित्राशी असू शकेल असे त्यांनी सुचवले. मार्शल ह्यांचे क्रियापद 'सुचवणे' हे आहे. ते पुढच्या लेखात 'म्हणणे' होते आणि त्याच्या पुढच्या लेखात 'सिद्ध करणे' होते.

आता दुसरी बाजू पाहा. भरहुतच्या तोरणावरील लेखात ते तोरण शुंगांच्या राज्यात धनभूतीने उभारल्याचे म्हटले आहे. ह्यावरून 'शुंगांनी बौद्ध धम्माला राजाश्रय दिला हे भरहुत सिद्ध करते' असे लिहिले जाते. लेखात दाता धनभूती आहे आणि शुंगांचा उल्लेख केवळ राज्य सांगण्यापुरता आहे. त्यामुळे तो लेख राजाश्रय सिद्ध करीत नाही. बेल्जियन पंडित एत्येन लामोत ह्यांनी भारतीय बौद्ध धम्माच्या इतिहासावरील आपल्या १९५८ च्या ग्रंथात, उपलब्ध कागदपत्रांवरून पाहता पुष्यमित्राला पुराव्याच्या अभावी मुक्त करावे लागेल, ह्या आशयाचा निष्कर्ष काढला. ह्या निष्कर्षाचा हवाला 'लामोत ह्यांनी छळाची कथा खोटी ठरवली' अशा शब्दांत दिलेला आढळतो. पुराव्याच्या अभावी मुक्त करणे आणि निर्दोष ठरवणे ह्यांतला फरक न्यायालयाची पायरी चढलेल्या कोणत्याही माणसाला समजतो. लामोत ह्यांनी दोन्हींपैकी पहिले क्रियापद वापरले आहे.

असमान मापे

येथपर्यंत जे सांगितले त्यावरून वाचकाला वाटेल, की सावधगिरी केवळ बौद्ध अभ्यासकांनीच बाळगावी असे माझे म्हणणे आहे. तसे नाही. आपल्या समाजाविषयीच्या लेखनात क्रियापदांची वाटणी फार काळ असमान राहिलेली आहे. पुराणे व स्मृती 'सांगतात', बौद्ध ग्रंथ 'दावा करतात'. एखादा सनातनी ग्रंथकार 'प्रतिपादन करतो', बाबासाहेब 'आरोप करतात'. गावातील प्रतिष्ठितांच्या घराण्याची कुळकथा हा 'इतिहास' असतो, आणि ज्यांना वेशीबाहेर ठेवले त्यांची आठवण ही 'समजूत' असते. ह्या वाटणीत कोणतेही विधान उघडपणे नाकारलेले नसते, त्यामुळे तिच्याशी वाद घालणे कठीण जाते. वाचक मात्र नकळत एका बाजूला झुकतो. साक्षीदाराचे म्हणणे ऐकण्यापूर्वीच त्याच्या विश्वासार्हतेचा निकाल क्रियापदाने लावलेला असतो.

ह्या अन्यायाचा प्रतिकार कसा करावयाचा? तीच मापे उलटी फिरवणे, हा एक मार्ग आहे. म्हणजे आपली साधने 'सिद्ध करतात' आणि त्यांची 'बरळतात'. असे लेखन टाळ्या मिळवते, परंतु त्याने मापातील खोट तशीच राहते, केवळ तराजूची बाजू बदलते. दुसरा मार्ग एकच माप सर्वांना लावण्याचा. विष्णुपुराण 'सांगते' तर दिव्यावदानही 'सांगते'. शिलालेख 'नोंदवतो', मग तो सातवाहन राणीचा असो वा भिक्खुणीचा. असे एकसारखे माप लावले, तर आपली बाजू दुर्बळ होईल ही भीती अनाठायी आहे. आपल्या इतिहासाचा मोठा भाग दगडावर कोरलेला आहे आणि एकच माप लावल्याने दगडाचे काही बिघडत नाही.

बाबासाहेबांचे क्रियापद

आता तिसऱ्या वाक्याकडे येऊ. ते सर्वांत नाजूक आहे, कारण तेथे आपली कृतज्ञता गुंतलेली आहे.

बाबासाहेबांचा अस्पृश्यतेच्या उगमावरील ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. नंदनार, रविदास आणि चोखामेळा ह्या तीन संतांच्या स्मृतीला त्यांनी तो अर्पण केला आहे. अस्पृश्य हे मूळचे विस्थापित, मोडून पडलेल्या जमातींतील लोक होते, ते बौद्ध होते, त्यांनी गोमांसभक्षण सोडले नाही आणि त्यांच्यावर अस्पृश्यता इ. स. ४०० च्या सुमारास लादली गेली, ही त्यातील मांडणी. ह्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेब स्वतः आपल्या पद्धतीची चर्चा करतात. जेथे पुराव्याचे दुवे तुटलेले आहेत तेथे संशोधकाला कल्पनाशक्तीने व तर्काने ते जोडावे लागतात आणि आपण तसे केले आहे, हे ते उघडपणे सांगतात. खऱ्यापासून खोटे आणि निश्चितापासून अनिश्चित वेगळे करणे हे इतिहासकाराचे कर्तव्य होय, ह्या आशयाचे जर्मन कवी गटे ह्यांचे मत ते उद्धृत करतात. शेवटी आपला सिद्धान्त हा अखेरचा शब्द आहे असा आपला आग्रह नाही, तो उपयुक्त व तूर्त ग्राह्य गृहीतक म्हणून तपासला जावा, एवढेच ते टीकाकारांना सुचवतात. ज्या विद्वानाने आपल्या क्रियापदाची एवढी काळजी घेतली, त्याच्या विधानापुढे आपण 'निर्विवादपणे सिद्ध केले' असे लिहितो, तेव्हा आपण त्यांचा गौरव करीत नाही, त्यांचे म्हणणे बदलतो.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तर त्यांनी हाच विषय थेट हाताळला आहे. भगवंतांच्या वचनांचा विपर्यस्त हवाला त्यांच्या हयातीतच कसा दिला जात असे, हे दाखवण्यासाठी बाबासाहेबांनी अलगद्दूपम, महाकम्मविभंग, कण्णकत्थल, महातण्हासंखय आणि जीवक ह्या पाच सुत्तांचा निर्देश केला आहे. जीवक सुत्तात वैद्य जीवक भगवंतांना विचारतो, की आपणाविषयी लोक जे सांगतात ते आपण म्हटलेलेच सांगतात, की आपणावर खोटा आळ घेतात? अशा विपर्यासासाठी पालीत 'अब्भाचिक्खति' हे स्वतंत्र क्रियापदच आहे. तथागतांनी जे म्हटले नाही ते म्हटले असे सांगणारा, आणि म्हटले ते म्हटले नाही असे सांगणारा, हे दोघेही तथागतांवर आळ घेतात, असे अंगुत्तरनिकायात म्हटले आहे. ह्यातला पहिला प्रकार शत्रूकडून क्वचित होतो. तो बहुधा भक्तांकडूनच होतो.

ह्याच ग्रंथाच्या परिचयात बाबासाहेब महाभिनिष्क्रमणाविषयी प्रश्न उपस्थित करतात. एकोणतीस वर्षांच्या सिद्धार्थाने तोपर्यंत वृद्ध, रोगी व मृत माणूस पाहिलाच नव्हता, हे कसे संभवते? ह्या प्रश्नाचे सामर्थ्य पाली साधने नेमक्या क्रियापदांनी मांडली म्हणजे अधिकच जाणवते. चार दृश्यांची कथा दीघनिकायातील महापदान सुत्तात येते, परंतु तेथे ती विपस्सी बुद्धाविषयी सांगितलेली आहे. गोतमाविषयी ती निदानकथा, बुद्धचरित आणि ललितविस्तर हे नंतरचे ग्रंथ सांगतात. मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्तात भगवंत स्वतः आपल्या गृहत्यागाविषयी बोलतात. आईवडील अश्रू ढाळीत असताना आपण केस व दाढी उतरवून घर सोडले, असे ते तेथे सांगतात. 'त्रिपिटक सांगते की सिद्धार्थाने चार दृश्ये पाहिली' हे रूढ विधान म्हणूनच टिकत नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय ह्यांच्यात झालेला तंटा अट्ठकथा सांगतात, परंतु तो संबोधीनंतरचा प्रसंग म्हणून. सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्त शस्त्रे उगारून भांडणारे लोक पाहून वाटलेल्या भयाचे आणि संवेगाचे वर्णन करते. त्यात रोहिणीचे नाव नाही. ह्या सुत्ताच्या आधारे धर्मानंद कोसंबींनी गृहत्यागाचे कारण शोधले, आणि शाक्यसंघातील संघर्ष हे कारण बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात मांडले. 'मांडले' हे क्रियापद येथे दुबळे नाही. परंपरेने दिलेल्या उत्तरातील विसंगती दाखवून त्या जागी युद्ध नाकारणारा, संघाच्या निर्णयाला सामोरा जाणारा सिद्धार्थ उभा करणे, हे एका महान विचारवंताचे कार्य आहे. त्याला शिलालेखाचे क्रियापद उसने देण्याची गरज नाही.

समारोप

नव्या अभ्यासकांनी लेखनास बसताना स्वतःला चार प्रश्न विचारावेत, असे सुचवावेसे वाटते. साधनाने ही गोष्ट पाहून सांगितली, ऐकून सांगितली, की तर्काने काढली? घटना आणि साधन ह्यांत किती वर्षांचे अंतर आहे? मी जे क्रियापद योजतो आहे त्यात माझी सहमती वा शंका मिसळली आहे काय, आणि मिसळली असल्यास तिचे कारण मी वाचकाला दिले आहे काय? आणि शेवटचा प्रश्न : हेच साधन विरोधी बाजूचे असते तर मी हेच क्रियापद वापरले असते काय? चौथ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आले, तर वाक्य पुन्हा लिहावे.

त्या विद्यार्थ्याला आता मी असे सांगेन. साधन आपल्या बाजूचे आहे म्हणूनच जपून लिहावयाचे. ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांची चुकीची क्रियापदे शतकानुशतके खपून गेली. तुझे एक चुकीचे क्रियापद मात्र तुझ्या सगळ्या प्रबंधिकेला खोटे ठरवण्यास पुरेसे होईल. पण हे व्यवहाराचे कारण झाले. त्याहून मोठे कारण चंकी सुत्तात आहे. 'मी ऐकले' असे म्हणण्याजोगे असेल तेथे 'मी ऐकले' असे म्हणणे, हे सत्याचे रक्षण आहे. धम्माच्या अभ्यासकाला सत्याची बाजू सोडून दुसरी बाजू नाही.

त्याने ती प्रबंधिका दुरुस्त करून पुन्हा आणली होती, तीही मी वाचली. तिन्ही वाक्ये आता थोडी लांब झाली होती. त्यांतील एकही मला खोडावे लागले नाही.